भिंतीपुढची खुर्ची

शनिवार, ११ नोव्हेंबर १९८९. बर्लिनची भिंत उघडून दोन दिवसही पुरते झाले नव्हते. चेकपॉइंट चार्ली या प्रसिद्ध नाक्याजवळ, पश्चिम बर्लिनच्या बाजूला, बासष्ट वर्षांचे एक गृहस्थ भिंतीकडे पाठ करून साध्याशा खुर्चीवर बसले होते. डोक्याला टक्कल, डोळ्यांवर चष्मा, गुडघ्यांमध्ये धरलेला चेलो. मागच्या काँक्रीटवर कुणीतरी रंगवून ठेवलेले मिकी माउसचे चेहरे. व्यासपीठ नाही, माइक नाही, निवेदक नाही, तिकिटाचा तर प्रश्नच नाही. त्यांनी गज उचलला आणि योहान सेबास्टियन बाखचं संगीत वाजवायला सुरुवात केली.

ते मस्तिस्लाव रोस्त्रोपोविच होते. पाब्लो कासाल्सनंतर विसाव्या शतकातला सर्वांत मोठा चेलोवादक कोण, असं विचारलं की बहुतेक जाणकार ज्यांचं नाव घेतात, ते. शोस्ताकोविच, प्रोकोफिएव्ह, बेंजामिन ब्रिटन अशा संगीतकारांनी ज्यांचा हात डोळ्यांसमोर ठेवून रचना लिहिल्या, ते. अमेरिकेच्या राजधानीतल्या नॅशनल सिम्फनी ऑर्केस्ट्राचे ते त्या वेळी संगीत दिग्दर्शक होते. जगातली मोठमोठी सभागृहं त्यांच्या नावावर भरत. आणि त्या दिवशी त्यांचे श्रोते होते रस्त्यावरून जाणारे-येणारे, भिंत बघायला आलेले, हातोडी-छिन्नी घेऊन तिचे तुकडे काढायला आलेले लोक.

कुणी बोलावलं नव्हतं, कुणी आयोजन केलं नव्हतं. दूरचित्रवाणीचे कॅमेरे तिथे पोहोचले, म्हणून आज आपल्याला ते दृश्य पाहता येतं. त्या शरद ऋतूत बर्लिनमध्ये संगीताचे मोठे सोहळेही झाले. तरी त्या दिवसांची आठवण निघाली की हे मूठभर लोकांपुढचं वादन पहिल्यांदा आठवतं. ते तसं का, हे समजून घ्यायचं तर त्या खुर्चीपर्यंत हा माणूस कसा पोहोचला, ते पाहावं लागतं.

*

गुरुवार, ९ नोव्हेंबरच्या संध्याकाळी पूर्व जर्मनीच्या सत्ताधारी पक्षाचे प्रवक्ते ग्युंटर शाबोव्स्की पत्रकार परिषदेत बसले होते. नागरिकांना देशाबाहेर जाण्याची मुभा देणाऱ्या नव्या नियमांचा कागद त्यांच्या हाती नुकताच आला होता. हे नियम लागू कधी होणार, असं एका पत्रकाराने विचारलं. त्यांनी कागद चाळला आणि आपल्या माहितीप्रमाणे ताबडतोब, असं सांगून टाकलं. बातमी वाऱ्यासारखी पसरली. हजारो लोक नाक्यांवर जमले. पहारेकऱ्यांकडे स्पष्ट आदेश नव्हते आणि गर्दी हटत नव्हती. रात्री साडेअकराच्या सुमारास बोर्नहोल्मर स्ट्रासेच्या नाक्यावरच्या अधिकाऱ्यांनी अखेर फाटक उघडलं. पाठोपाठ बाकीचे नाकेही उघडले.

रोस्त्रोपोविच तेव्हा पॅरिसमधल्या आपल्या घरी होते. टीव्हीवर ती दृश्यं पाहिल्यावर त्यांना राहवेना. त्यांनी आपले मित्र आंत्वान रिबू यांना फोन केला. रिबू हे फ्रान्समधले बडे उद्योगपती, दही आणि खाद्यपदार्थांसाठी जगभर ओळखल्या जाणाऱ्या समूहाचे प्रमुख. त्यांच्याकडे खासगी विमान होतं. त्या विमानाने दोघं बर्लिनला आले. चेलो सोबत होता, पण एक गोष्ट ध्यानातच आली नव्हती. व्हायोलिन उभ्याने वाजवता येतं, चेलो बसल्याशिवाय वाजत नाही. भिंतीपाशी पोहोचल्यावर खुर्चीची शोधाशोध झाली आणि आसपास मागून एक खुर्ची मिळवली गेली. जगातल्या नामांकित सभागृहांत वाजवणारा हा वादक त्या दिवशी मिळेल त्या खुर्चीवर बसला.

हे वादन आपण लोकांसाठी केलं नाही, असं ते नंतरच्या मुलाखतींतून सांगत राहिले. १९७४ पूर्वीचं रशियातलं एक आयुष्य आणि त्यानंतरचं पश्चिमेतलं दुसरं, असे आपल्या जगण्याचे दोन तुकडे झाले होते. ही भिंत त्या दोन तुकड्यांच्या मध्ये उभी होती. ती पडली तेव्हा तुकडे पुन्हा जुळल्यासारखं वाटलं आणि देवाचे आभार मानावेसे वाटले, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता.

*

हे दोन तुकडे कसे पडले?

रोस्त्रोपोविच यांचा जन्म २७ मार्च १९२७ रोजी अझरबैजानमधल्या बाकू शहरात झाला. वडील लिओपोल्ड चेलोवादक, आई सोफिया पियानोवादक. मुलगा १९४३ मध्ये मॉस्को कॉन्झर्व्हेटरीत दाखल झाला. तिथे त्याला जे गुरू लाभले, त्यांत दिमित्री शोस्ताकोविच होते. विशीतल्या या विद्यार्थ्याने सत्ता आणि संगीत यांचं नातं अगदी जवळून पाहिलं. फेब्रुवारी १९४८ मध्ये सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाने ठराव करून शोस्ताकोविच आणि प्रोकोफिएव्ह यांच्यासह देशातल्या अव्वल संगीतकारांवर लोकविरोधी असल्याचा ठपका ठेवला. शोस्ताकोविच यांची प्राध्यापकी गेली. रोस्त्रोपोविच यांनी त्या दोघांची साथ सोडली नाही. वृद्ध आणि आजारी प्रोकोफिएव्हच्या घरी ते उन्हाळे काढत आणि त्याच्या चेलोच्या रचनेवर त्याच्यासोबत काम करत. ती रचना १९५२ मध्ये रंगमंचावर आली, तेव्हा ऑर्केस्ट्राचं संचालन केलं स्व्यातोस्लाव रिख्टर या महान पियानोवादकाने.

शोस्ताकोविच यांनी १९५९ मध्ये चेलोसाठीचा आपला पहिला कॉन्चेर्तो याच शिष्याला अर्पण केला. रोस्त्रोपोविच यांनी तो चार दिवसांत मुखोद्गत केला आणि गुरूला वाजवून दाखवला.

राज्यकर्त्यांचंही त्यांच्यावर कमी प्रेम नव्हतं. १९५१ मध्ये स्टालिन पारितोषिक, १९६४ मध्ये लेनिन पारितोषिक, परदेश दौरे, मान, पैसा, सगळं होतं. पत्नी गालिना विश्नेव्स्काया ही बोल्शॉय थिएटरची आघाडीची सोप्रानो गायिका. १९५५ मध्ये प्रागच्या संगीत महोत्सवात दोघांची गाठ पडली आणि चार दिवसांत त्यांनी लग्न केलं. त्या काळात सोव्हिएत देशात कलावंताला जे जे मिळू शकत होतं, ते या जोडप्याकडे होतं. म्हणून त्यांनी पुढे जे पणाला लावलं, त्याचं मोल मोठं आहे.

प्राग शहर त्यांच्या आयुष्यात पुन्हा एकदा आलं, पण फार वेगळ्या तऱ्हेने. २१ ऑगस्ट १९६८ च्या पहाटे सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोव्हाकियात घुसले. योगायोग असा, की त्याच संध्याकाळी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये सोव्हिएत संघाच्या सरकारी ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम होता. एकलवादक रोस्त्रोपोविच आणि रचना द्वोर्झाकचा चेलो कॉन्चेर्तो. द्वोर्झाक म्हणजे चेक लोकांचा सर्वांत लाडका संगीतकार. सभागृहाबाहेर निदर्शनं चालू होती, आत सुरुवातीला आरडाओरडा झाला. ऑर्केस्ट्रा सोव्हिएत, संगीत चेक, आणि मध्ये बसलेल्या वादकाच्या डोळ्यांत पाणी. वादन संपल्यावर त्यांनी द्वोर्झाकची स्वरलिपी हातात घेऊन श्रोत्यांसमोर उंच धरली. भाषण केलं नाही. पण आपण कुणाच्या बाजूचे, हे सांगायचं राहिलं नाही.

दुसऱ्या वर्षी त्यांनी आणखी मोठं धाडस केलं. लेखक अलेक्सांद्र सोल्झेनित्सिन तेव्हा सरकारच्या डोळ्यांत सलत होते. त्यांना राहायला धड जागा नव्हती. रोस्त्रोपोविच यांनी मॉस्कोबाहेर झुकोव्का इथल्या आपल्या बंगल्याच्या आवारात त्यांना आसरा दिला. ऑक्टोबर १९७० मध्ये सोल्झेनित्सिन यांना नोबेल पारितोषिक जाहीर झालं आणि सोव्हिएत वृत्तपत्रांनी त्यांच्यावर तोफ डागली. तेव्हा रोस्त्रोपोविच यांनी ‘प्रावदा’सह चार वृत्तपत्रांच्या संपादकांना उघड पत्र लिहिलं. १९४८ मध्ये शोस्ताकोविच आणि प्रोकोफिएव्ह यांच्याविषयी वृत्तपत्रांनी काय काय छापलं होतं, त्याची त्यांनी आठवण करून दिली आणि ज्यांना कलेतलं काही कळत नाही, त्यांचाच शब्द कलेत अखेरचा का मानला जातो, असा थेट सवाल केला. मायदेशात ते पत्र कुणी छापलं नाही. पश्चिमेतल्या वृत्तपत्रांत ते छापून आलं.

त्यानंतर जे व्हायचं तेच झालं. परदेश दौरे रद्द. मोठ्या शहरांतले कार्यक्रम रद्द. बोल्शॉयचे दरवाजे बंद. नभोवाणीवरून नाव गायब. कलावंताला तुरुंगात न टाकताही कसं संपवता येतं, याचा हा नमुना होता. अखेर २६ मे १९७४ रोजी रोस्त्रोपोविच देशाबाहेर पडले. सोबत चेलो आणि लाडका कुत्रा. पत्नी आणि दोन मुली मागून गेल्या. दोन वर्षांची परवानगी होती, परतायचा इरादा होता.

मार्च १९७८ मध्ये सोव्हिएत सरकारने दोघांचं नागरिकत्व काढून घेतलं. ही बातमी त्या दोघांना कुणी अधिकृतपणे कळवली नाही. पॅरिसमधल्या घरी टीव्ही पाहताना ती त्यांना समजली. पुढे अकरा वर्षांनी त्याच शहरात टीव्हीच्या पडद्यावर त्यांनी लोक भिंतीवर चढून नाचताना पाहिले. देश गेल्याचं ज्याला टीव्हीवरून कळलं, त्याला त्या रात्री घरात बसवलं नाही, यात नवल ते काय?

*

त्यांनी वाजवायला जागा निवडली तीही विचार करण्याजोगी आहे.

१३ ऑगस्ट १९६१ रोजी पूर्व जर्मनीने काटेरी तारा टाकून पश्चिम बर्लिनला वेढा घातला. त्या तारांची पुढे काँक्रीटची भिंत झाली. पश्चिम बर्लिनभोवतीच्या या वेढ्याची एकूण लांबी सुमारे १५५ किलोमीटर होती आणि त्यातले सुमारे ४३ किलोमीटर थेट शहराच्या मधून जात होते. शेवटच्या काळातल्या भिंतीचा प्रत्येक सुटा ठोकळा ३.६ मीटर उंच आणि १.२ मीटर रुंद होता. तिच्या पूर्वेकडे मोकळी पट्टी, दिवे, टेहळणी बुरूज, कुत्री आणि बंदूकधारी पहारेकरी. पश्चिमेकडून मात्र लोक भिंतीला हात लावू शकत होते, म्हणून त्या बाजूने ती चित्रांनी भरली. मिकी माउस तिथूनच आला. एकाच भिंतीची पूर्व बाजू पांढरीफटक आणि पश्चिम बाजू रंगांनी माखलेली, हे दृश्य त्या काळातल्या अनेक छायाचित्रांत दिसतं.

भिंत ओलांडताना किंवा तिच्यापायी बर्लिनमध्ये किमान १४० लोकांचा जीव गेला. त्यांतला एक मृत्यू याच चेकपॉइंट चार्लीजवळचा आहे. १७ ऑगस्ट १९६२ रोजी अठरा वर्षांचा पेटर फेश्टर आपल्या मित्रासोबत झिमरस्ट्रासेवरून पलीकडे जायला धावला. मित्र भिंत चढून पार झाला. पेटरला गोळी लागली आणि तो भिंतीच्या पायथ्याशी, पूर्वेच्या हद्दीत कोसळला. जवळपास तासभर तो मदतीसाठी विव्हळत होता. पश्चिमेच्या बाजूला लोक जमले होते, पत्रकार होते, काही अंतरावर अमेरिकी सैनिक होते. पलीकडे पाऊल टाकायची कुणाची हिंमत झाली नाही. रक्तस्राव होऊन तो मेला. पेटर गवंडीकाम करायचा.

फेब्रुवारी १९८९ मध्ये, म्हणजे भिंत उघडण्याच्या अवघ्या नऊ महिने आधी, वीस वर्षांचा क्रिस ग्येफ्रॉय असाच पळून जाताना गोळीला बळी पडला. भिंतीपाशी गोळी लागून मेलेला तो शेवटचा माणूस.

रोस्त्रोपोविच यांनी सुरुवातीला बाखच्या सी मेजरमधल्या तिसऱ्या सूटमधलं आनंदी संगीत वाजवलं. चहूकडे उत्सव होता, लोक एकमेकांच्या गळ्यात पडत होते, त्याला साजेसंच ते होतं. मग या भिंतीने ज्यांचे जीव घेतले, त्यांची आठवण ठेवून त्यांनी डी मायनरमधल्या दुसऱ्या सूटची साराबांद वाजवली. बाहेर नाचगाणी चालू असताना मेलेल्यांची आठवण काढणारे त्या रस्त्यावर ते एकटेच असतील असं नाही. पण ती आठवण त्यांनी स्वरांतून सगळ्यांपुढे ठेवली.

*

बाखच का? याचं एक उत्तर अगदी व्यावहारिक आहे. चेलोसाठी साथीविना वाजवायचं एवढं थोर संगीत दुसरं नाही. द्वोर्झाकसाठी अख्खा ऑर्केस्ट्रा लागतो, बीथोव्हेनच्या चेलो सोनाटांसाठी पियानो लागतो. बाखच्या सहा सूटना लागतो तो एक चेलो, एक माणूस आणि एक खुर्ची.

हे सहा सूट बाखने १७२० च्या आसपास, क्योथेनच्या दरबारात नोकरीला असताना लिहिले. त्याच्या हातची मूळ प्रत हरवली आहे. आज जे आपल्यापर्यंत पोहोचलं, त्यात त्याची दुसरी पत्नी आना माग्दालेना हिने उतरवून काढलेल्या प्रतीचा वाटा मोठा आहे. पुढे कितीतरी काळ हे संगीत सरावाचे धडे म्हणूनच ओळखलं जाई. १८९० मध्ये तेरा वर्षांच्या पाब्लो कासाल्सला बार्सिलोनातल्या एका जुन्या दुकानात त्याची छापील प्रत सापडली. त्याने वर्षानुवर्षं रियाज केला, मग ते मैफलीत वाजवायला सुरुवात केली आणि १९३६ ते १९३९ या काळात सहाही सूट ध्वनिमुद्रित केले. तेव्हापासून प्रत्येक चेलोवादकाची खरी कसोटी याच संगीतावर लागते.

प्रत्येक सूट म्हणजे एक प्रस्तावना आणि मग ओळीने जुन्या नृत्यांच्या चाली. साराबांद त्यातली सर्वांत संथ. तीन मात्रांची चाल, पण वजन बहुधा दुसऱ्या मात्रेवर येतं. त्यामुळे स्वर पुढे सरकताना मध्येच थांबून विचार करतोय असं वाटतं. दुसऱ्या सूटमधल्या साराबांदमध्ये चेलोच्या दोन-तीन तारा एकत्र छेडून केलेले भरदार स्वरमेळ येतात आणि त्यांच्या मधून एकच स्वररेषा एकटीने वाट काढते. शोक आहे, पण आक्रोश नाही. भिंतीपाशी तो शोक माइकशिवाय, उघड्यावर, नोव्हेंबरच्या थंडीत वाजवणं सोपं नव्हतं. थंडीत बोटं आखडतात, तारांचा ताण बदलतो आणि चेलोच्या तळाचा टोकदार लोखंडी दांडा कडक फरशीवर धड रुतत नाही. सभागृहात भिंती आणि छत स्वर परत देतात. उघड्यावर तो निघून जातो. भिंतीकडे पाठ करून बसलेल्या वादकाला मात्र ती काँक्रीटची भिंत थोडाफार आधार देत असणार. पंधरा-वीस फुटांवर उभ्या असलेल्या लोकांना जे ऐकू आलं असेल, ते कॅमेऱ्यांनी टिपलेल्या आवाजापेक्षा नक्कीच सरस असेल.

*

त्याच दिवसांत बर्लिनमध्ये संगीताचे आणखी दोन मोठे प्रसंग घडले. त्यांच्याशी तुलना केली की या वादनाचं वेगळेपण उमगतं.

दुसऱ्याच दिवशी, रविवारी १२ नोव्हेंबरला सकाळी, बर्लिन फिलहार्मोनिकने पूर्व जर्मनीच्या नागरिकांसाठी विनामूल्य मैफल केली. संचालक आणि पियानोवादक होते डॅनिएल बारेनबॉइम. ओळखपत्र दाखवायचं आणि आत जायचं. कार्यक्रमात बीथोव्हेनचा पहिला पियानो कॉन्चेर्तो आणि सातवी सिम्फनी होती. फिलहार्मोनीचं सभागृह १९६३ मध्ये भिंतीपासून हाकेच्या अंतरावर उभं राहिलं होतं. म्हणजे पूर्व बर्लिनमधल्या संगीतप्रेमींनी सव्वीस वर्षं ती इमारत दुरून पाहिली आणि त्या सकाळी पहिल्यांदा तिच्यात पाऊल टाकलं. तो प्रसंगही तितकाच खरा आणि हृदयाला हात घालणारा होता.

मग २५ डिसेंबरला पूर्व बर्लिनच्या शाउस्पीलहाउसमध्ये लेनर्ड बर्नस्टाइन यांनी बीथोव्हेनची नववी सिम्फनी सादर केली. ऑर्केस्ट्रात दोन्ही जर्मनींचे आणि दुसऱ्या महायुद्धातल्या चार विजेत्या देशांचे वादक होते. अखेरच्या समूहगानात कवी शिलरच्या ओळींतला ‘आनंद’ हा शब्द काढून त्या जागी ‘स्वातंत्र्य’ घालण्यात आला. कार्यक्रम अनेक देशांत प्रक्षेपित झाला. पुढच्या ऑक्टोबरात बर्नस्टाइन यांचं निधन झालं. त्यांच्या कारकिर्दीतला तो शेवटचा मोठा टप्पा मानला जातो.

त्या आधी ऑक्टोबरमध्ये लाइपझिगमध्ये सत्तर हजार लोक मोर्चा घेऊन रस्त्यावर उतरले होते. रक्तपात होईल अशी भीती होती. तेव्हा गेवांडहाउस ऑर्केस्ट्राचे संचालक कुर्ट मासूर आणि आणखी पाच जणांनी दोन्ही बाजूंना संयमाचं आवाहन केलं. ते ध्वनिक्षेपकांवरून शहरभर वाजवलं गेलं आणि तो दिवस शांततेत पार पडला. पूर्व जर्मनीच्या त्या शरद ऋतूत कलावंत असे प्रत्यक्ष घटनांच्या मध्यभागी होते.

बारेनबॉइम आणि बर्नस्टाइन यांनी शहराला भेट दिली. शहराने ती मनापासून स्वीकारली. रोस्त्रोपोविच यांच्या वादनात देणंघेणं या अर्थाने काही नव्हतं. तो एका माणसाचा, स्वतःच्या आयुष्याशी झालेला हिशेब होता आणि तिथे उभ्या असलेल्यांना तो अनायासे ऐकायला मिळाला. म्हणूनच तो जवळचा वाटतो. श्रोत्यांवर छाप पाडण्याचा त्यात प्रयत्न नव्हता, आणि श्रोते हुशार आहेत की नाहीत, याची परीक्षाही नव्हती.

परीक्षा पाहणारा एक प्रयोग पुढे झाला आणि तोही जगभर गाजला. १२ जानेवारी २००७ च्या सकाळी ऐन ऑफिसच्या वेळी अमेरिकेतले नामवंत व्हायोलिनवादक जोशुआ बेल वॉशिंग्टनच्या एका मेट्रो स्थानकाच्या दाराशी साध्या कपड्यांत उभे राहिले. हातात १७१३ सालचं स्ट्राडिव्हेरियस व्हायोलिन, सुरुवातीलाच बाखची शाकोन. त्रेचाळीस मिनिटांत १,०९७ लोक त्यांच्यासमोरून गेले. थांबून ऐकणारे होते सात. पेटीत जमले बत्तीस डॉलर आणि काही सेंट. हा प्रयोग ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने घडवून आणला होता आणि त्यावरच्या जीन वाइनगार्टन यांच्या लेखाला पुलित्झर पारितोषिक मिळालं. लोक कला ओळखत नाहीत, असा त्याचा अर्थ अनेकांनी काढला. पण ज्यांना नऊ वाजता कचेरीत पोहोचायचं असतं, त्यांच्यावर हा आळ अन्यायाचा आहे. त्या स्थानकावर बेल यांना वाजवण्याचं कारण होतं ते वृत्तपत्राचं. चेकपॉइंट चार्लीवर कारण वादकाचं स्वतःचं होतं आणि ते तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाचंही होतं. संगीत तेच, बाखचंच. फरक पडला तो या कारणाने.

असं कारण पुढे दुसऱ्या एका चेलोवादकालाही मिळालं. २७ मे १९९२ रोजी वेढा पडलेल्या सारायेव्होमध्ये पावासाठी रांगेत उभ्या असलेल्या लोकांवर तोफगोळा पडला. तिथल्या ऑपेराचा वादक व्हेद्रान स्माइलोविच मैफलीचा काळा पोशाख घालून त्याच ठिकाणी जाऊन बसला आणि गोळ्यांच्या आवाजात चेलो वाजवत राहिला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं नव्हतं.

*

बर्लिननंतर रोस्त्रोपोविच यांचे दिवस झपाट्याने पालटले. १९९० मध्ये सोव्हिएत सरकारने त्यांचं आणि गालिनाचं नागरिकत्व परत दिलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत ते आपला अमेरिकी ऑर्केस्ट्रा घेऊन मॉस्कोला गेले. ज्या कॉन्झर्व्हेटरीत ते शिकले होते, तिच्या मोठ्या सभागृहात सोळा वर्षांनी त्यांनी पुन्हा पाऊल टाकलं. कार्यक्रमाच्या शेवटी त्यांनी जॉन फिलिप सूसाचं अमेरिकी कूचगीत वाजवलं आणि श्रोते बेभान झाले.

ऑगस्ट १९९१ मध्ये मॉस्कोत कट्टरपंथीयांनी सत्ता बळकवायचा प्रयत्न केला. पॅरिसमध्ये ती बातमी कळताच रोस्त्रोपोविच पुन्हा विमानात बसले. या वेळी व्हिसा नव्हता आणि बायकोलाही सांगितलं नव्हतं. रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांच्या बाजूने उभ्या असलेल्या लोकांसोबत ते रशियाच्या संसद भवनात राहिले. त्या रात्रीचं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. पहाऱ्यावरचा तरुण त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून झोपी गेला आहे आणि त्याची बंदूक रोस्त्रोपोविच यांनी आपल्या हातात धरली आहे. भिंतीपुढचा चेलो आणि मॉस्कोतली ती बंदूक यांच्यामध्ये पावणेदोन वर्षांचं अंतर आहे, पण माणूस तोच आहे. बातमी ऐकली की निघायचं, परिणामांचा विचार मागाहून करायचा, ही त्यांची रीत १९६९ मध्ये सोल्झेनित्सिनला घरात घेतलं तेव्हाच ठरून गेली होती.

याच काळात, १९९१ मध्ये, त्यांनी आणखी एक काम हाती घेतलं. वयाच्या चौसष्टीपर्यंत त्यांनी बाखचे सहाही सूट एकत्रितपणे स्टुडिओच्या शिस्तीने ध्वनिमुद्रित करायचं टाळलं होतं. आपली अजून तयारी झाली नाही, असं ते म्हणत. आता त्यांनी फ्रान्समधल्या वेझले गावातलं बाराव्या शतकातलं चर्च निवडलं आणि तिथे हे सूट चित्रफितीसह मुद्रित केले. ते १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. दगडी कमानींमध्ये घुमणारा तो चेलो आणि बर्लिनच्या रस्त्यावरचा चेलो, दोन्हींत संगीत तेच आहे. एकीकडे पूर्ण तयारी आहे, दुसरीकडे मागून आणलेली खुर्ची.

रोस्त्रोपोविच २७ एप्रिल २००७ रोजी मॉस्कोत वारले. त्यांना नोवोदेविची दफनभूमीत पुरलं. शोस्ताकोविच आणि प्रोकोफिएव्ह तिथेच विसावले आहेत आणि २०१२ मध्ये गालिनालाही तिथेच, त्यांच्या शेजारी, जागा मिळाली.

मोठ्या कलावंताने अचानक रस्त्यावर येऊन वाजवलं की आपण त्याच्या साधेपणाचं कौतुक करतो. या बाबतीत ते कौतुक अपुरं आहे. तिथे बसायचा अधिकार रोस्त्रोपोविच यांनी आधीच कमावला होता: १९४८ मध्ये गुरूची साथ न सोडून, १९६८ मध्ये लंडनला द्वोर्झाकची स्वरलिपी उंच धरून, १९७० मध्ये ते पत्र लिहून आणि त्यापायी देश गमावून. ११ नोव्हेंबरला त्यांच्याकडे तयारीला वेळ नव्हता असं म्हणता येत नाही. ती तयारी चाळीस वर्षं चालली होती.

बर्लिनमधल्या वादनाची चित्रफीत आणि वेझलेचं मुद्रण, दोन्ही आज सहज मिळतात. वाचकांनी वेझलेच्या मुद्रणातली दुसऱ्या सूटची साराबांद आधी ऐकावी. पाच-सहा मिनिटं लागतील. मग बर्लिनची चित्रफीत पाहावी, आणि पाहताना अठरा वर्षांच्या त्या गवंड्याचं नाव ध्यानात ठेवावं: पेटर फेश्टर.